दिलेला वेल लागत नाही

॥ जय जिनेंद्र ॥
गडहिंग्लज, ४ जुलै १९९३

ती. आक्कास,
चंदनाचा नमस्कार.

अपूर्वाला तुझ्याकडे सोडून आले त्याला आज तीन आठवडे झाले. "महिनाभर तिला पत्र घालू नको, पोरगी लवकर रुळंल," असं तू म्हणालीस म्हणून हात आवरून बसले आहे. तिचंही एक कार्ड नाही. एकुलती एक पोर अकरावी सायन्सला कोल्हापूरला धाडली आणि आता घरात मी, हे आणि भिंतीवरचं घड्याळ. हे तर जेवताना घड्याळाकडेच बघतात. सोमवारी आणि गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं डबा धाडते आहे, तो पोचतो ना? कडक भाकरी तिला मोडून दे, नाहीतर तशीच ठेवते.

पण पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं. खरं सांगू? त्या दिवशी तुझ्या हॉलमध्ये बसले तेव्हा माझं लक्ष पोरीच्या ट्रंकेकडे नव्हतंच. तुझ्या मनीप्लँटकडे होतं. कोपऱ्यातल्या काचेच्या बरणीतून निघतो काय, टीव्हीच्या मागून चढतो काय, बाहुबलींच्या फोटोला वळसा घालून खिडकीपर्यंत जातो काय! शिवाजी पेठेतल्या दोन खोल्या, ऊन सकाळी अर्धा तास डोकावून जाणार, आणि त्यात पानं ही तळहाताएवढी. माझ्याकडे अंगण आहे, परसात आड आहे, आणि घरात हिरवं म्हणशील तर मेथीची जुडी. अपूर्वा आल्याआल्या त्या वेलाखाली जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, कसलं गार वाटतंय बघ इथं." आपल्या घरात सोळा वर्षं राहिली, कधी गार वाटलं म्हणाली नाही.

तर मला त्यातली एक फांदी दे. रिकामा डबा परत येतो, त्यात ओल्या फडक्यात गुंडाळून घाल. कंडक्टर ओळखीचा आहे. मागायला लाज वाटत नाही, बहिणीकडे मागते आहे.

दाजींना नमस्कार. पोरीला जवळ घे, पण फार नको.

तुझी
चंदना


शिवाजी पेठ, कोल्हापूर, ११ जुलै १९९३

प्रिय चंदनास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. पोरीची काळजी सोड. ती इतकी रुळली आहे की घरची आठवणसुद्धा काढत नाही. सकाळी कॉलेज, दुपारी अभ्यास, संध्याकाळी हे शाळेतून आले की दोघं मिळून फुटबॉलच्या गप्पा. तालमीच्या संघातल्या पोरांची नावं तिला ह्यांच्यापेक्षा जास्त पाठ झाली आहेत. डबा आता धाडू नकोस. रोज नवीन काहीतरी करून घालते मी तिला, त्यात तुझी भाकरी तशीच राहते, आणि टाकायची म्हणजे पाप.

फांदीचं म्हणशील तर देता येत नाही गं. मनीप्लँट दिलेला लागत नाही, हे तुला ठाऊक नाही? मागून नेला, विकत नेला, तर महिन्याभरात पिवळा पडतो. तो चोरूनच न्यावा लागतो. आमचा हा वेल ह्यांनी हेडमास्तरांच्या व्हरांड्यातून छत्रीत लपवून आणला होता, तेरा वर्षांपूर्वी. म्हणून असा माजलाय. ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, "चोरून न्हे म्हणावं की तिला. आमी काय बगत न्हाय." ये कधीतरी. मी पाठ फिरवीन.

बाकी त्याला काही लागत नाही. दर आठ दिवसांनी बरणीतलं पाणी बदलते, रविवारी पानं ओल्या फडक्यानं पुसते. आता ते काम अपूर्वाकडे आहे. स्टुलावर चढून एकेक पान पुसते, बघत बसावं असं वाटतं. घरात कुणीतरी स्टुलावर चढलेलं असावं, असं मला फार वर्षं वाटत होतं.

जिनपालरावांना नमस्कार.

तुझी
राजमतीआक्का


॥ जय जिनेंद्र ॥
गडहिंग्लज, २२ नोव्हेंबर १९९३

ती. आक्कास,
नमस्कार.

दिवाळीला अपूर्वा आठ दिवस येऊन गेली. आली म्हणायचं एवढंच. पाव्हणी आल्यासारखी वागली. "आई, पाणी घेऊ का?" म्हणून विचारलं तिनं. आपल्या घरात पाणी घ्यायला विचारतात? मी जवळ बसले की पुस्तक उघडायची. अभ्यंगाला तेल लावायला गेले तर म्हणाली, "मी लावते माझं, तू कामात असशील." कामात! पाच महिने मी त्या दिवसाची वाट बघत होते. एकदा नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, "काय गं?" तर म्हणे, "काही नाही. तुला विचारून काय उपयोग?" आणि दर दोन वाक्यांनी "मोठी आई असं करते, मोठी आई तसं करते." आधी तू आक्कामावशी होतीस. मोठी आई कधी झालीस?

तू काय केलंस माझ्या पोरीला? कसले लाड करतेस? मी ओरडते, मारलं नाही कधी पण ओरडते. आईनं ओरडायचंच असतं. दुसऱ्याच्या पोरीचे लाड करणं सोपं आहे. पोर वाढवणं म्हणजे काय, ते तुला काय कळणार?

वेलाचंही ऐक. तू दिला नाहीस म्हणून संकेश्वर रोडच्या नर्सरीतून आणला. चांगली कुंडी आणली, अंगणात कट्ट्यावर ठेवली, रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घातलं. तीन आठवड्यांत पानं पिवळी, मग काळी, मग देठ हातात आला. आमचे हे म्हणाले, "न्हाय लागला तर न्हाय लागला, त्यात रडण्यासारखं काय हाय?" मी वेलासाठी रडत नव्हते. त्यांना कसं कळावं.

चंदना


शिवाजी पेठ, कोल्हापूर, १९ डिसेंबर १९९३

प्रिय चंदनास,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं आणि मग पत्र घडी करून ठेवलं. कुठलं, ते तुझं तुला कळेल. त्याचं उत्तर देत नाही.

वेल मेला ते तू त्याला जास्त सांभाळलंस म्हणून. उन्हात ठेवलास, पानं करपली. रोज पाणी घातलंस, मुळं कुजली. कुंडीला खाली भोक होतं का, ते तरी बघितलंस का? मनीप्लँटला उजेड लागतो, ऊन नाही. मातीत बोट खुपसून बघायचं, वरची माती कोरडी लागली तरच पाणी. आणि फांदी कापताना देठावरची गाठ बघून गाठीच्या खाली कापायची. मूळ गाठीतूनच फुटतं. नुसतं पान पाण्यात ठेवलं तर दोन महिने हिरवं राहतं आणि मग सडतं. शेंडा लांबत चालला की खुडायचा, म्हणजे बाजूला फुटतो. आणि सारखा हलवायचा नाही. एकदा जागा धरली की त्याला तिथंच राहू द्यायचं.

अपूर्वा बरी आहे. सहामाहीला वर्गात तिसरी आली. दिवाळीत तिनं तुला आणखी काही विचारलं का? म्हणजे जुनं काही, जूनमधलं वगैरे? सहज विचारते. मुलींच्या मनात काय काय असतं, आपल्याला माहीत असलेलं बरं.

राजमतीआक्का


॥ जय जिनेंद्र ॥
गडहिंग्लज, १० सप्टेंबर १९९५

ती. आक्कास,
नमस्कार. पर्व संपलं, काल क्षमावाणी झाली. वर्षभरात माझ्याकडून कळत नकळत तुझं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. ते दोन वर्षांपूर्वीचं वाक्यही त्यातच धर. मी लिहायला नको होतं. लिहिलं तेव्हा बरं वाटलं होतं, म्हणूनच जास्त वाईट.

यंदा आमच्याकडे महाराजांचा चातुर्मास आहे. मी अणुव्रतं घेतली. त्यात अचौर्य आलं. न दिलेली वस्तू उचलायची नाही, मग ती रस्त्यात पडलेली टाचणी का असेना. व्रत घेऊन हात जोडले आणि पहिला विचार काय आला असेल? तुझा मनीप्लँट! आता तर तो मला कधीच मिळणार नाही. दिलेला लागत नाही आणि चोरायला बंदी. अपूर्वाला सांगावं, येताना एक फांदी घेऊन ये, तर महाराजांनी प्रवचनात तेही सांगून टाकलं: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवून घेतलेलं आणि कुणी केलं त्याला बरं म्हटलेलं, तिन्ही पापं सारखीच. सगळ्या वाटा बंद. आमचे हे मला बघून हसतात. म्हणतात, "सगळ्या गावानं मोक्ष मागितला, हिनं वेल."

तेव्हा आक्का, शेवटचं मागते. तूच हातानं कापून दे. लागला तर लागला. मी ती परंपरा-बिरंपरा मानत नाही.

दुसरं. अपूर्वाची बारावी झाली. आता बी.एस्सी. इथल्या कॉलेजातही होतं, चांगले प्रोफेसर आहेत. दोन वर्षं झाली, पुष्कळ झालं. तिला आता घरी धाड.

चंदना


शिवाजी पेठ, कोल्हापूर, १ ऑक्टोबर १९९५

प्रिय चंदनास,
आशीर्वाद. उत्तम क्षमा, तुलाही.

अपूर्वाचं बी.एस्सी.चं नाव जुलैतच इथल्या कॉलेजात घातलं. तुला कळवायचं तिच्यावर सोपवलं होतं, तिनं कळवलेलं दिसत नाही. मी तिला विचारलं, आईकडे जातेस का? ती म्हणाली, "न्हाय. मी हितंच बरी हाय." अगदी ह्याच शब्दांत. आता पेठेतल्या पोरींसारखीच बोलते. मी जबरदस्ती केली नाही, हे तू मनात धर.

वेल मात्र देणार नाही. रागावू नकोस. लागला नाही तर तू म्हणशील, आक्काचा हात वाईट. आणि लागला तर... जाऊ दे.

राजमतीआक्का


॥ जय जिनेंद्र ॥
गडहिंग्लज, २९ मार्च १९९८

ती. आक्कास,
नमस्कार.

दाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, आता वाचू लागले असतील. जानेवारीत तुझ्याकडे चार दिवस राहिले, पण तुझ्याशी निवांत बोलणं झालं नाही. तू आणि अपूर्वा एकमेकींशी डोळ्यांनी बोलता आणि मी मध्ये भाषा न येणाऱ्या माणसासारखी. ती तुझ्या ब्लाऊजचं हुक लावते. माझं कधी लावलं नाही.

पण एक बातमी आहे. माझ्याकडे मनीप्लँट लागला! नर्सरीतला आहे, दुसऱ्या नर्सरीतला. ह्या खेपेला सगळं तुझ्यासारखं केलं. आधी बरणीत ठेवला, दहाव्या दिवशी गाठीतून पांढरं मूळ आलं. मग भोकाच्या कुंडीत, माजघरात, खिडकीपासून दोन हात लांब. बोट खुपसून पाणी. आता सात पानं आहेत. मी रोज मोजते. लोक येतात आणि "अय्या, हे कुठलं?" म्हणतात. तुझ्या वेलाला कोण बघायला येत असेल, पेठेत सगळ्यांनी तो बघितलाय.

चंदना


शिवाजी पेठ, कोल्हापूर, १२ एप्रिल १९९८

प्रिय चंदनास,
आशीर्वाद.

वेल लागला, आनंद झाला. पानांवर पिवळे शिंतोडे आहेत का गं? आणि देठाजवळ जरा वाकडं पान येतं का? असेल तर जात चांगली. नर्सरीत सहसा मिळत नाही.

माझा यंदा खिडकीपाशी थांबला आहे. पानं लहान येऊ लागली. अपूर्वा म्हणते, त्याला बरणी पुरत नसेल, मातीत लावू या. मी म्हटलं, अठरा वर्षं पुरली. पण तुझी सात पानं वाचून मला रात्रभर काहीतरी टोचत राहिलं. मी तुझी मोठी बहीण आहे, मला असं व्हायला नको. झालं मात्र.

राजमतीआक्का


॥ जय जिनेंद्र ॥
गडहिंग्लज, २२ सप्टेंबर २००२

ती. आक्कास,
नमस्कार. आज क्षमावाणी. घरात फोन येऊन चार वर्षं झाली, पण फोनवर भांडता येत नाही. हे शेजारी बसून ऐकतात. म्हणून कार्डाऐवजी लांब पत्र.

अपूर्वाला सातवा लागला. गेल्या आठवड्यात सांगलीहून तिचा फोन आला. जावई जिनेंद्ररावांच्या आई म्हणाल्या, बाळंतपणाला माहेरी जा. मी खोली झाडून घेतली, डिंक-खोबरं आणलं, खाटेला नवीन सुतळी घालून घेतली. आणि ही म्हणते, "आई, मी कोल्हापूरला मोठ्या आईकडे जाते. दवाखाना जवळ आहे." बारा ऑक्टोबरला तुझ्याकडे येणार, असं तुम्हा दोघींचं ठरलंसुद्धा!

आक्का, पहिलं बाळंतपण आईकडे असतं. लग्नात मी गप्प बसले. मंडपात तू तिच्या डाव्या बाजूला होतीस आणि मी पाव्हण्यांचं बघत होते. लोकांनी विचारलं, "मुलीची आई कोण?" तर कुणीतरी तुझ्याकडे बोट दाखवलं. मी पान लावत होते, ते पान माझ्या हातात चुरगळलं. पण हे नाही सहन होत. मला तुझा हेवा वाटतो. नऊ वर्षं वाटतो. तुझी पेठ, तुझा हॉल, तुझा वेल, सगळ्याचा. मी देवळात बसते आणि तुझा हेवा करते, म्हणजे बघ.

आज क्षमा मागायचा दिवस, म्हणून माझं आधी सांगते. माझ्या माजघरातला वेल नर्सरीतला नाही. तो तुझा आहे. दाजींच्या ऑपरेशनच्या वेळी, शेवटच्या दिवशी सकाळी तू चहा करायला आत गेलीस. खिडकीत कात्री पडली होती. मी तीन गाठींची फांदी कापली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि रिकाम्या डब्यात घातली. व्रत घेतलेली बाई! एस.टी.त सारखी झाकण उघडून बघत होते. निपाणीला शेजारच्या बाईनं विचारलं, "डब्यात काय हाय वो, सारखं बगताय ते?" मी म्हटलं, "प्रसाद." म्हणजे चोरी, आणि वर खोटं. त्याचं प्रायश्चित्त म्हणून साडेचार वर्षं अष्टमी-चतुर्दशीला उपवास करते आहे. आमच्या ह्यांना वाटतं, भक्ती वाढली. आणि वेल असा वाढला आहे की स्वयंपाकघराच्या दारावरून देव्हाऱ्यापर्यंत गेलाय. प्रत्येक नवीन पानाला मला आनंद होतो आणि लाज वाटते.

मी तुझं चोरलं, ते सांगितलं. क्षमा कर. आता तू माझी पोरगी परत दे.

चंदना


शिवाजी पेठ, कोल्हापूर, २७ सप्टेंबर २००२

प्रिय चंदनास,
आशीर्वाद.

तुझे उपवास फुकट गेले. ती कात्री स्वयंपाकघरातली होती. ती हॉलच्या खिडकीत आपल्या पायांनी येईल का? मी ठेवली. चार दिवस तू त्या वेलाकडे बघत होतीस आणि मी तुझ्याकडे. तुझ्या घरी तो लागावा असं वाटत होतं आणि हातानं उचलून द्यायला मन होत नव्हतं. म्हणून कात्री ठेवली, आत गेले आणि चहा दोनदा उकळला. तू डब्याचं झाकण लावलंस तो आवाज आला, मगच बाहेर आले. तेव्हा तू चोरी केली नाहीस. तुझं व्रत शाबूत आहे. तू नेलंस ते मी दिलेलं होतं.

मी घेतलं, ते मात्र तू दिलेलं नव्हतंस.

सोबतचं पत्र बघ. अपूर्वा आमच्याकडे आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यातलं आहे. तिनं ते चिकटवून मला पेटीत टाकायला दिलं. मी भाताच्या वाफेवर उघडलं. वाचून पुन्हा चिकटवून टाकावं, एवढंच मनात होतं, खरंच. पण वाचल्यावर पाय उचलला नाही. चंदना, तेरा वर्षं माझ्या घरात दोन ताटं मांडली जात होती. तिसरं ताट मांडून नऊ दिवस झाले होते. मी ते पत्र पोथीच्या कपाटात ठेवलं. उद्या टाकू म्हटलं.

त्या रविवारी पोरगी "मैत्रिणीकडे जाते" म्हणून सकाळी बाहेर पडली. कुठं गेली, मला ठाऊक होतं. दुपारी दीडला आली. उन्हानं लाल झाली होती. मला म्हणाली, "मोठी आई, गडहिंग्लजच्या तीन गाड्या आल्या." एवढंच. त्या दिवशी पहिल्यांदा मला मोठी आई म्हणाली. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "आईला कामातनं सवड झाली नसंल गं." मग तिच्या हातात ओलं फडकं दिलं आणि पानं पुसायला स्टुलावर चढवलं. ती रडते आहे हे पाठीवरून कळत होतं. तू महिनाभर पत्र घातलं नाहीस, कारण मीच तसं सांगितलं होतं. ते मात्र पोरगी यायच्या आधी, चांगल्या मनानं सांगितलं होतं. पुढं ते माझ्या कामाला आलं. डबाही म्हणूनच बंद करायला लावला. पोरगी डब्याच्या तळाशी चिठ्ठी शोधायची.

दर वर्षी मी तुला क्षमावाणीला लिहिलं, कळत नकळत. त्यातलं नकळत काहीच नव्हतं. आज कळून केलेल्याची क्षमा मागते. चोरलेलं वाढतं, असं मी तुला सांगत होते ते वेलाबद्दल सांगत नव्हते.

तू ते वाक्य लिहिलं होतंस, पोर वाढवणं मला काय कळणार. राग आला नाही. भीती वाटली, की तुला कळलं की काय.

बाळंतपण तुझ्याकडेच होऊ दे. मी अपूर्वाला तसं सांगते. हे पत्र वाचून तू जे करशील ते कर.

राजमती


(सोबतचं अंतर्देशीय पत्र)

कोल्हापूर, २२ जून १९९३

प्रिय आई,

मला न्यायला ये. इथं सगळं चांगलं आहे. आक्कामावशी चांगली आहे, काका पण. पण मला झोप येत नाही. तुझा सकाळी बादलीचा आवाज येतो ना, तो इथं येत नाही. मग मी जागीच राहते. वर्गात सगळे भराभर बोलतात, मला काही समजत नाही. मी गडहिंग्लजलाच शिकते. बाबांना तू सांग, मला भीती वाटते.

आई, तू रविवारी ये. मी सकाळी नऊपासून स्टँडवर थांबते. मावशीला सांगू नको, तिला वाईट वाटेल. येताना काही आणू नको. नुसती ये.

तुझी
अपू


॥ जय जिनेंद्र ॥
गडहिंग्लज, ६ ऑक्टोबर २००२

आक्का,

पोस्टमन दारात असतानाच उघडलं. उभ्यानं वाचलं आणि तशीच खाली बसले. आमचे हे दुकानातून धावत आले, त्यांना वाटलं कुणीतरी गेलं.

पाचव्या दिवशी तुझा वेल देव्हाऱ्यापासून ओढून काढायला गेले. अर्धा हात ओढला आणि सोडला. तोही जीवच, त्याचा काय गुन्हा. मग स्टूल घेऊन पानं पुसली, सगळी. पुसताना पोरीची पाठ दिसत होती, जी मी बघितलेली नाही. तू बघितलीस. ह्याचाही मला हेवा वाटला, इतकी मी वाईट झाले आहे.

नऊ वर्षं मी समजत होते की माझ्या पोरीला माझी आठवण झाली नाही. नऊ वर्षं ती समजत होती की आई आली नाही. दिवाळीत ती माझ्याकडे बघत राहिली होती, आठवतं? मी तेव्हा तुलाच लिहून कळवलं, आणि तू मला गाठीच्या खाली कापायला शिकवलंस.

क्षमा मागितलीस. आपल्याकडे मागितली की द्यावी लागते, म्हणून शब्द लिहून टाकते: उत्तम क्षमा. आतून अजून आलेली नाही. येईल तशी कळवीन.

ते पत्र परत मागू नकोस. अपूर्वालाही देणार नाही. वर पत्ता माझा आहे.

आता ऐक. बाळंतपण कोल्हापुरातच होईल. पोरीनं ठरवलं आहे आणि दवाखाना खरंच जवळ आहे, तुझ्यावर राग म्हणून मी तिला एस.टी.त हेलकावे खायला लावणार नाही. पण मी येऊन राहणार. तीन महिने. माझं अंथरूण हॉलमध्ये घाल, वेलाखाली. बाळाची पहिली अंघोळ मी घालणार, तू पाणी काढून द्यायचंस. सकाळी बादलीचा आवाज मी मोठ्यानं करणार आहे, दाजींना आधीच सांगून ठेव. आणि अपूर्वाला जे झालं ते तू सांगायचंस. फोनवर नाही, समोर बसून. मी शेजारी असेन, पण मध्ये एक शब्द बोलणार नाही. त्यानंतर ती तुला काय म्हणेल ते मला माहीत नाही. मोठी आई म्हणाली तर मी अडवणार नाही. आवडेल असं मात्र समजू नकोस.

येत्या रविवारी, तेराला, सकाळी निघते. कितीच्या गाडीनं, ते सांगत नाही. अपूर्वाला स्टँडवर आणू नकोस, अवघडलेली आहे. तू ये. एकटी ये. नऊपासून थांब. पहिल्या गाडीत मी नसले तर दुसरी बघ, दुसऱ्या गाडीत नसले तर तिसरी बघ.

मी येणार आहे.

चंदना